डोणगावची पृथ्वी वेगळी आहे का?

मार्च लागला की आमच्या घरातलं काम बंद पडायचं. बाबा गवंडी. डोणगावात होळीच्या सुमारास विहिरी तळाला जातात, प्यायच्या पाण्याचे वांधे होतात, मग भिंतीवर पाणी कोण मारू देणार? पाण्याशिवाय माल कालवता येत नाही अन् बांधलेलं भिजवता येत नाही. मालक लोक सांगायचे, "मिस्त्री, आता पाऊस पडल्यावर पाहू." की बाबांची थापी, गुण्या, भिंत सरळ बघायचा टोकदार ओळंबा, सगळं पोत्यात गुंडाळून माळ्यावर जायचं, अन् बाबा दिवसभर ओट्यावर बसून तंबाखू मळायचे. तसे ते बोलके. पण या दिवसांत त्यांना काही विचारलं की अंगावर यायचे.

मग घर आईच्या हातावर चालायचं. ती हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला, पहाटे जायची, कारण ऊन चढलं की घाटे तडकतात. हरभऱ्याच्या झाडावर आंब असते, खारट-आंबट. शहरातल्या लोकांना ती कविता वाटते. आईच्या बोटांच्या भेगांत ती शिरायची. संध्याकाळी भाकरी थापताना आई दात आवळून थापायची, अन् मी शेजारी बसून फिजिक्स वाचायचे. चुलीचा धूर, आंबेचा वास, अन् पुस्तकात लिहिलेलं: गुरुत्वीय त्वरण ९.८१. माझा मार्च असा आहे. लोकांना या दिवसांत पळस आठवतो. मला राग आठवतो.

आता मी जळगाव जामोदला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. खिडकीतून सातपुडा दिसतो, पायथ्याला पळस पेटलेला असतो, आणि प्रात्यक्षिकांचे दिवस आले की स्टाफरूममध्ये तोच संवाद होतो. यंदाही झाला. आमचे एक जुने सहकारी, माणूस वाईट नाही, चहा ओतता ओतता म्हणाले, "मॅडम, पोरायले व्हॅल्यू सांगून टाका न. कायले जीव काढता त्यायचा? उलटं गणित करून रीडिंग लिहितीन, मोकळे होतीन."

मी म्हटलं, "मग लंबक कायले टांगता? फोटो लावा त्याचा."

ते हसले. मला हसू आलं नाही. हे 'व्हॅल्यू सांगून टाका' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाकाच्या त्या बाजूला होते, आणि माझं सगळं शिक्षण त्या एका आकड्याला टांगलेलं होतं.

आधी त्या सफरचंदाचं बोलू. गुरुत्वाकर्षण म्हणजे सफरचंद, हे आम्हाला पाचवीपासून सांगितलं. एक माणूस झाडाखाली बसला, सफरचंद पडलं, त्याला कळलं, झालं. डोणगावात सफरचंद मी बघितलं ते दवाखान्यातल्या खाटेपाशी, कुणाला तरी भेटायला आणलेलं. झाडावरून पडताना ते आमच्या वर्गात कुणी पाहिलं नव्हतं, सरांनीसुद्धा. बोर पडतं, कवठ पडतं, चिंच पडते, पण त्यांच्यावरून कुणी काही विचारलं नाही. मी इथं त्या शास्त्रज्ञांची नावंही मुद्दाम घेत नाही. नावं आणि सनावळ्या आमच्याकडून इतक्या घोकून घेतल्या की माणसं बाजूलाच राहिली.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सरांनी सांगितलं की जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी खाली पडते. मी हात वर केला. म्हटलं, "सर, आम्ही हरभरा उफणतो तेव्हा दाणा सरळ पायाशी पडते अन् भुसकट दूर जाते. मग एकाच वेळी कसं?"

सर म्हणाले, "इथं काय खळं मांडलं का? पुस्तकात आहे ते लिहून घे."

वर्ग हसला. मी बसले, लिहून घेतलं. पुढं स्वतः वाचायला लागले तेव्हा कळलं की माझा प्रश्न काही अडाणी नव्हता. दोन हजार वर्षं मोठमोठी शहाणी माणसं हेच म्हणत होती की जड ते आधी पडतं. हवेचा अडथळा बाजूला काढून विचार करायला माणसाला इतका वेळ लागला. आणि आमच्या सरांनी तो सगळा वेळ एका वाक्यात, वर माझी टिंगल करून, संपवून टाकला.

इटलीतल्या ज्या हट्टी माणसानं हे मोडून काढलं त्याच्याजवळ सेकंद मोजायचं घड्याळ नव्हतं. सरळ पडणारी वस्तू त्याला मोजता येईना, म्हणून त्यानं उतरत्या फळीवरून गोळे सोडले, म्हणजे पडणंच हळू केलं. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं पाणी सोडलं आणि जमलेल्या पाण्याचं वजन केलं. सामान त्याच्याकडंही नव्हतं. म्हणून त्यानं आकडे घरून लिहून आणले का?

दुसरा एक जण मंगळाची वाट गोल आहे असं धरून वर्षानुवर्षं गणित करत बसला. गणित आणि आकाश यांच्यात फरक पडायचा चंद्राच्या रुंदीच्या पाव हिस्स्याएवढा. आमचे सर असते तर म्हणाले असते, जाऊ द्या, आसपास आहे. त्यानं तो फरक सोडला नाही, गोल सोडला. लंबगोल धरला, आणि मंगळ गणितात बसला.

मग आला इंग्लंडातला तो सफरचंदवाला. फळ पडलं असेल, नसेल, पण त्याचा प्रश्न चंद्राबद्दल होता. जी ओढ फळाला खाली आणते तीच चंद्रापर्यंत जाते का, आणि जात असेल तर चंद्र दर घटकेला पृथ्वीकडे किती पडला पाहिजे? त्यानं हिशेब केला, तो जवळपास जुळला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्यानं ते छापलंच नाही. मधेच दुसरा एक उभा राहिला, की अंतर वाढलं की ओढ वर्गानं कमी होते ही कल्पना माझी. भांडणं झाली, रुसवे झाले. बांधावरून होते तशी भावकी. हे सगळं आमच्या पुस्तकानं एका फळात गुंडाळलं आणि आमच्या हातात दिलं, घ्या, पाठ करा.

यंदा विज्ञान दिनाला एक पाहुणे आले होते. त्यांनी सांगितलं की हे सगळं आपल्याकडं आधीपासूनच होतं. टाळ्या पडल्या. असेल बाबा. आपल्याकडं आकाश बघणारी, गणित करणारी माणसं होतीच, आणि त्यांनी मेहनत करून ते केलं. पण त्यांचं नाव घेऊन छाती फुगवणाऱ्याला मी एवढंच विचारते की तुमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी कुठं आहे?

कारण आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ती चावी सापडत नसे. लंबकाचे पितळी गोळे कपाटात होते, काचेतून दिसायचे, तपासणीची समिती आली की बाहेर यायचे आणि समिती गेली की परत आत. तीन वर्षांत मी त्यांना हात लावला नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला सर फळ्यावर उत्तर लिहायचे, आणि पोरं त्या उत्तरावरून उलटं येऊन धाग्याची लांबी, झोक्यांचा वेळ वगैरे लिहायची. आधी निकाल, मग पुरावा. आमच्याकडं याला 'व्हॅल्यू आणणं' म्हणतात, आणि ज्याची व्हॅल्यू नेमकी येते तो हुशार.

शेवटच्या वर्षाच्या मार्चमध्ये बाबांचा ओळंबा माळ्यावर रिकामा पडला होता. मी तो काढला, घराच्या आढ्याला दोरीनं टांगला आणि मोबाइलवर वेळ लावून झोके मोजायला लागले. बाबा ओट्यावरून ओरडले, "काय करून राह्यली वं? घर मोजून राह्यली का?"

"पृथ्वी किती जोरानं ओढते ते पाहून राह्यली."

"मले विचार न. पंधरा दिवसांपासून ओढून राह्यली, उठू देईना."

आई खळखळून हसली. त्या महिन्यात ती हसलेली मला तेवढी एकदाच आठवते.

पण माझा आकडा जुळेना. ९.८ यायला पाहिजे तिथं दहाच्या वर जायचा. मोजण्यात चूक होत असेल म्हणून पुन्हा मोजायचे, पुन्हा तेच. मी बाबांना म्हटलं, "बाबा, आकडा जास्त येऊन राह्यला. मी परीक्षेत असाच लिहिणार."

बाबांचा चेहरा उतरला. मामानं लोणारकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. बाबांनी त्यांना अडवलं होतं ते एका शब्दावर, पोरगी यंदा पास होते, मग बोलू. नापास झाले तर बाबांकडं दुसरा शब्द नव्हता, आणि मला दुसरं वर्ष नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"सर म्हणते ते लिहून दे न माय," बाबा म्हणाले. "त्यायले जे पाह्यजे ते द्यायचं. मी बी मालक म्हणते तिथंच खिडकी ठेवतो. मले काय दिसत नाही का, तिथून ऊन येणार आहे म्हणून?"

"मग सांगत काऊन नाही?"

"सांगतलं त उद्या काम कोण देईन?"

मला बाबांचा राग आला. आजही येतो, आणि तो त्यांच्यावरचा नाही हे कळायला मला फार वर्षं लागली. ज्यांनी त्यांना असं बोलायला शिकवलं त्यांच्यावरचा तो राग आहे.

परीक्षेच्या दिवशी मला चिठ्ठीत लंबकच आला. चावी अर्थातच सापडली नव्हती. बाकीच्या लंबकवाल्या पोरांनी धाग्याला दगड बांधून दिखाव्यापुरता टांगला आणि खाली मान घालून लिहायला लागली. मी पिशवीतून ओळंबा काढला. सरांनी कपाळाला हात लावला.

बाहेरून आलेले परीक्षक मोठ्या शहरातले होते, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. माझ्यापाशी येऊन त्यांनी आधी विचारलं, "पूर्ण नाव सांग." सांगितलं. आडनाव ऐकून त्यांनी जो हुंकार दिला तो आमच्याकडच्या पोरांना ओळखू येतो, त्याचं भाषांतर करावं लागत नाही. मग कागद बघितला.

"साडेदहा?"

"हो सर."

"कुठली तू?"

"डोणगाव."

"असं. मग डोणगावची पृथ्वी वेगळी आहे का?"

सगळी प्रयोगशाळा हसली. माझ्यासोबत एकाच एसटीनं येणाऱ्या पोरीही हसल्या. परीक्षक म्हणाले, "अर्धा तास देतो. बरोबर उत्तर आणलंस तर ठीक, नाहीतर मला काही देता येणार नाही." आणि चहाला गेले.

सर माझ्या कानाशी आले. त्यांची भीती खरी होती, हे मी आज कबूल करते. माझ्या नापास होण्यानं त्यांचीही अडचणच होती. म्हणाले, "खोड ते. नऊ-ऐंशीच्या आसपास आण. बाकीच्यायनं आणलंच न? तुलेच काय सोनं लागलं?"

माझ्या हातात खोडरबर होतं. मला बाबा दिसत होते, ओट्यावर बसलेले. लोणारचं ते स्थळ दिसत होतं, ज्याचा चेहरा मी पाहिला नव्हता. आणि मला इतका राग आला होता की डोळ्यांपुढं आकडे नाचत होते. रडू येऊ नये म्हणून मी त्या आकड्यांकडंच बघत बसले. धागा तीन वेळा वेगवेगळ्या लांबीचा घेतला होता. लांब धाग्याला आकडा कमी चुकत होता. मधल्याला त्याहून जास्त. आखूड धाग्याला सगळ्यात जास्त.

मी थांबले. माझं मोजणं कच्चं असतं तर आकडे इकडं-तिकडं उडाले असते. हे तर रांगेत उभे होते. म्हणजे चूक कुठली तरी एकच होती, तिन्ही वेळा तेवढीच, आणि धागा जितका आखूड तितकी ती मोठी दिसत होती. अशी ठरलेली, कायमची चूक लांबी मोजण्यातच असू शकते.

मी ओळंबा हातात घेतला आणि मला दिसलं. मी लांबी मोजली होती ती त्याच्या टोकापर्यंत. पाया आखताना बाबा टोकच बघतात, टोक जिथं टेकेल तिथं खूण. गवंड्याच्या घरात वाढलेल्या पोरीला ओळंबा म्हणजे त्याचं टोक. पण झोका घेताना पृथ्वी टोकाला थोडीच धरते? वजन वर, जाड भागात. पितळी गोळा मिळालेल्या पोराला ही चूक झालीच नसती, गोळ्याला टोक नसतं.

मी ओळंबा पेन्सिलीवर आडवा ठेवला आणि तोलला. जिथं तो सरळ राहिला तिथं खूण केली. लांबी त्या खुणेपर्यंत मोजली, गणित पुन्हा केलं. तिन्ही आकडे एकमेकांजवळ आले. ९.७ च्या वर काहीतरी. नेमकं पुस्तकातलं नाही. मी ते तसंच लिहिलं. आधीचे आकडेही ठेवले, शेजारी लिहिलं की चूक कुठं होती.

परीक्षक आले, वाचलं. "आधीचं का ठेवलं? खोडायचं असतं ते."

"ते आलं होतं सर."

"आणि अजूनही ९.८१ नाहीये."

"जे आलं ते लिहिलं सर."

"फार शहाणी आहेस," एवढंच बोलले. हाताचा आडोसा करून मार्क लिहिले आणि पुढच्या पोराकडं गेले, ज्यानं दगड बांधून ९.८१ आणलं होतं. त्याची पाठ थोपटली.

पुढं एम.एस्सी.ला असताना मला एका जुन्या घड्याळाची गोष्ट समजली. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पॅरिसहून लंबकाचं घड्याळ विषुववृत्ताजवळ नेलं, तर ते तिथं रोज मागं पडायला लागलं. लंबक आखूड करावा लागला तेव्हा वेळ जुळली. घड्याळ बिघडलं म्हणून त्यांनी ते फेकलं नाही. त्यातून पुढं कळलं की पृथ्वी सगळीकडं सारख्या जोरानं ओढत नाही, विषुववृत्ताकडं थोडं कमी ओढते. ९.८१ हा आकडा लंडन-पॅरिसकडचा. आमच्या बुलडाण्याकडं, इतक्या दक्षिणेला आणि पठारावर, तो ९.७८ च्या आसपास येतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणजे डोणगावची पृथ्वी खरंच वेगळी होती! थोडीशी, पण होती. आणि जो माणूस माझी परीक्षा घ्यायला आला होता त्याला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून माझं हसं करायचं होतं. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते मी अजून ठरवू शकले नाही.

या विषयाचा सगळा इतिहास असा न जुळणाऱ्या आकड्यांनी पुढं गेला आहे. एक ग्रह ठरलेली वाट सोडून चालत होता, तर गणितवाले म्हणाले, पलीकडून कुणीतरी ओढतंय, आणि तिथं खरंच नवा ग्रह निघाला. मग बुध चुकायला लागला, अगदी नखाएवढा. तिथंही ग्रह शोधला, सापडला नाही. तो नखाएवढा फरक कुणी खोडला असता तर सफरचंदवाल्याचं शास्त्र शेवटचं म्हणून बसलो असतो. कुणी खोडला नाही, म्हणून पुढं एकानं ओढ ही कल्पनाच बदलली. म्हणाला, जड वस्तूभोवती जागा आणि वेळच वाकतात, बाकीचे त्या वाकणावरून चालतात. बुध बरोबर बसला. आणि आमची पोरं अजून दगडाला धागा बांधून ९.८१ आणतात. हे शिक्षण आहे का? हे तर मालक म्हणेल तिथं खिडकी ठेवणं आहे.

म्हणून त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सहकाऱ्यांना म्हटलं, "सर, माह्या बॅचचे आकडे माह्या पोरायचे राहतीन. पाच येऊ दे, पंधरा येऊ दे. काऊन आलं ते मात्र लिहा लागते."

"अन् बाहेरचा परीक्षक ओरडला तर?"

"तर माह्याशी बोलन तो."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमचं आपलं बरं आहे मॅडम," म्हणाले. "तुमाले भ्या वाटत नाही."

वाटतं. त्या वर्षीही वाटलं होतं. परीक्षेनंतरचे तीन महिने घरात कुणी धड बोललं नाही. मामा दोनदा येऊन गेले. आई म्हणायची, "निकालापर्यंत थांबा," आणि बाबा माझ्याकडं बघायचे नाहीत. जूनमध्ये पाऊस पडला, बाबांना काम लागलं, आणि एका दुपारी निकाल लागला. बाबा बांबूच्या परांचीवर उभे राहून कुणाच्या तरी छपराखाली भिंत चढवत होते. मी तिथं जाऊन सांगितलं.

प्रात्यक्षिकात मला पासापुरते मार्क होते, वर्गात सगळ्यांत कमी. मी पास झाले होते. आईकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही घराण्यांत मी पहिली पदवीधर झाले.